पुरलेल्या खुणा आणि त्यांचे राखणदार

यवतमाळ जिल्ह्याच्या भूमीत जितके पेरले गेले, तितकेच पुरलेही गेले आहे. वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांच्या मधला हा डोंगराळ, सागवानी आणि मधूनमधून काळ्या जमिनीच्या सुपीक पट्ट्यांनी सांधलेला मुलूख अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्याच्या कळंब, माहूर आदी सरकारांत विभागलेला होता. पुढे निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या दुहेरी अमलाखाली तो बराच काळ रगडला गेला. १८५३ च्या तहाने वऱ्हाडाबरोबर तो इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आला. वणी जिल्हा या नावाने काही दशके ओळखला गेला आणि १९०५ च्या पुनर्रचनेत पुसद तालुका जोडला जाऊन यवतमाळ जिल्हा म्हणून कायम झाला. इतक्या अमलदाऱ्या ज्या मातीवरून गेल्या, त्या मातीत प्रत्येकाने काही ना काही लपवून ठेवावे, हे स्वाभाविकच होय. कोणी धान्य लपवले, कोणी द्रव्य, कोणी आपल्या शिवेची खूण आणि कोणी, ज्याचा उपयोग गावकऱ्यांना कधीच नीट कळला नाही असा, एका वर्तुळातला नुसता बिंदू.

या पुरलेल्या वस्तूंचा इतिहास आज आठवण्याचे निमित्त तसे परदेशी आहे. २ मे २००० रोजी अमेरिकन सरकारने आपल्या जीपीएस उपग्रहांच्या संकेतांत हेतुतः मिसळलेली अशुद्धी काढून टाकली, आणि तोवर शंभर-शंभर मीटरांनी चुकणारी, सामान्य माणसाच्या हातातली यंत्रे एका रात्रीत दहा-वीस मीटरांच्या आत नेम धरू लागली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळ डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने रानात एक बादली ठेवली, तीत एक वही, पेन्सिल आणि काही किरकोळ चीजवस्तू घातल्या, आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करून, ज्याला ती सापडेल त्याने एखादी वस्तू घ्यावी, एखादी ठेवावी आणि वहीत नोंद करावी, एवढाच नियम सांगितला. काही दिवसांतच एकाने ती शोधून काढली, आणि त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत जिओकॅशिंग या नावाने हा छंद रूढ झाला. त्याला पूर्वपरंपरा नव्हती असे नाही. इंग्लंडातील डार्टमूरच्या माळावर क्रॅनमियर या ओसाड दलदलीपाशी जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ साली एक बाटली ठेवली होती, आणि तेथवर पोहोचणारे पांथस्थ आपल्या नावाचे पत्र तीत टाकून येत, असा वृत्तान्त आहे.

या छंदाची जी वर्णने वाचावयास मिळतात, त्यांत शोधण्याच्या आनंदाला फार मोठे स्थान आणि राखण्याच्या कष्टाला फार थोडे स्थान दिलेले आढळते. मला हे उफराटे वाटते. लपवणे ही घटकाभराची गोष्ट, शोधणे ही प्रहरभराची. परंतु लपवलेली वस्तू वर्षानुवर्षे जागच्या जागी, वाचता येईल अशा स्थितीत आणि कोणाच्या तरी जबाबदारीवर राहावी, यासाठी जी व्यवस्था लागते ती उभी करण्यात आमच्या पूर्वजांची बुद्धी खर्ची पडली आहे. आणि जेथे ती व्यवस्था मोडली तेथे काय झाले, हेही या जिल्ह्याच्या मातीत पाहता येते.

या बुद्धीचा सर्वांत जुना लेख धर्मशास्त्रात आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमावादाचा विचार करताना वड, पिंपळ, पळस, सावर ही झाडे, तळी, विहिरी, झरे आणि देवळे अशी उघडी चिन्हे सांगून ग्रंथकार थांबत नाही. सीमेविषयी माणसांची नित्य होणारी भूल ध्यानात घेऊन त्याने गुप्त चिन्हांचीही योजना केली आहे. दगड, हाडे, गाईचे केस, तूस, राख, खापऱ्या, वाळलेले शेण, विटा, कोळसे, खडे, वाळू, असे जे जे मातीत दीर्घकाळ विरून जात नाही, ते ते सीमेच्या सांध्यांवर भूमीच्या पोटात ठेवावे, असा त्याचा आदेश आहे. स्मृतिकार बृहस्पती या यादीत सरकीचीही भर घालतो (ज्या जिल्ह्याचे सारे अर्थकारण सरकीभोवती फिरते, तेथल्या वाचकाला याची मौज वाटावी), आणि हे पदार्थ पात्रांत भरून पुरण्यास सांगतो. पण त्याच्या विधानाचे खरे मर्म पुढे आहे. ही पुरलेली चिन्हे वृद्धांनी मुलांना दाखवून ठेवावीत, आणि त्या मुलांनी स्वतः वृद्ध झाल्यावर आपल्या मुलांना दाखवावीत, असे तो म्हणतो. पात्र किती खोल पुरावे यापेक्षा ते कोणाला दाखवून ठेवावे, याची चिंता त्याला अधिक आहे. मातीच्या पोटातील खुणेची नोंदवही म्हणजे गावातील मुलांची स्मृती, ही कल्पना आजच्या कोणत्याही कागदी व्यवस्थेहून कमी काटेकोर नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात सीमावादाच्या प्रकरणातून ही सारी सामग्री अभ्यासकांस उपलब्ध आहे.

स्मृतिग्रंथांतील आज्ञा आणि खेड्यातील व्यवहार यांत अंतर असते हे मान्य करूनही, शिवेच्या तंट्यांची जी कागदपत्रे दक्षिणेत सर्वत्र सापडतात त्यांवरून एवढे निश्चित दिसते की, दोन मौज्यांच्या हद्दीचा निवाडा शेवटी माणसाच्या स्मरणावर आणि चालण्यावर येऊन ठेपत असे. गोतसभा भरे, महजर म्हणजे निवाडपत्र लिहिले जाई, आणि शपथेने बांधलेला इसम शीव चालून दाखवी. तो ज्या वाटेने गेला ती हद्द ठरे. वऱ्हाडात हे ज्ञान विशेषेकरून गावच्या महाराकडे असे. शीव कोठून वळते, कोणत्या धुऱ्यावर कोणता धोंडा आहे, नाला फिरल्यावर जुना काठ कोणता, हे त्याला मुखोद्गत असे, आणि त्याचा शब्द पाटील-देशमुखांनाही प्रमाण मानावा लागे. ज्याच्या साक्षीवाचून गावाची एक बिघा जमीनही निर्वेध नव्हती, त्याच्या स्वतःच्या वाट्याला त्या जमिनीतले किती आले, हा प्रश्न जुन्या दप्तरांचे अभ्यासक क्वचितच विचारतात. राखणदारी त्याची आणि मिळकत दुसऱ्याची, असा तो व्यवहार होता.

इंग्रजी अमलात ही स्मृती कागदावर आणि दगडावर उतरवण्याचा उद्योग सुरू झाला. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी बसवलेली रयतवारी मोजणीची पद्धती १८६१ पासून वऱ्हाडात लागू करण्यात आली. सोळा आण्यांची, तेहतीस फुटांची साखळी. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. आणि प्रत्येक सर्वे नंबराच्या कोपऱ्यांवर हद्दीचे दगड अथवा मातीचे बुरूज, अशी तिची मांडणी होती. वणीकडील भागात या कामाला एक वेगळीच अडचण होती. तेथे कित्येक मौजे बेचिराख होते, म्हणजे कागदोपत्री गाव, शिवार, नाव सर्व शाबूत, परंतु दिवा लावणारे एकही घर नाही. वस्तीच नाही तेथे शीव दाखवणारा म्हातारा कोठून आणावा? अशा ठिकाणी मोजणीदाराने रोवलेला दगड हाच एकमेव साक्षीदार उरे. अशी पडीक गावे १८६५ च्या नियमांखाली इजाऱ्याने, म्हणजे मक्त्याने, देण्यात आली, आणि आजही या जिल्ह्यातील अनेक गावांच्या नावांना 'इजारा' हे शेपूट चिकटलेले आहे.

दगड रोवून सरकार स्वस्थ बसले नाही. मोजणीची टिपणे, फाळणीचे नकाशे आणि गुणाकार बुके तयार झाली, जेणेकरून दगड नाहीसा झाला तरी त्याची जागा कागदावरून पुन्हा काढता यावी. आणि कागद जळला तरी दगडावरून नकाशा पुन्हा उभा करता यावा. दगड जागेवर ठेवण्याचा भार खातेदारावर, तो हलवला जाऊ नये म्हणून नजर ठेवण्याचा भार पाटील-पटवाऱ्यांवर, आणि सरकारी अधिकाऱ्याने कायम केलेली हद्दीची खूण नष्ट करणाऱ्यास १८६० च्या दंडसंहितेत एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद, असा तिहेरी बंदोबस्त होता. १८९६ चा वऱ्हाड जमीन महसुलाचा कायदा आणि १९०० चा पाटील-पटवाऱ्यांचा कायदा यांनी या कर्तव्यांना निश्चित रूप दिले; १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही खुणा सुस्थितीत ठेवण्याची भूधारकाची जबाबदारी कायम आहे. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पद संपले, पटवाऱ्याचा तलाठी झाला, आणि दगडांकडे नित्य पाहणारा गावातला डोळा गेला. धुरा दर नांगरटीला वीतभर सरकवण्याची कला वऱ्हाडात नवी नाही. परंतु पूर्वी ती रात्री चालत असे.

याहूनही गूढ खुणा जिल्ह्याच्या पश्चिम भागातील डोंगरांवर बसवल्या गेल्या. विल्यम लॅम्बटन याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ आरंभलेले त्रिकोणमितीय सर्वेक्षण उत्तरेकडे सरकत सरकत निजामाच्या मुलखात आले. पृथ्वीचा आकार नेमका कसा आहे हे ठरवण्यासाठी कन्याकुमारीपासून एका याम्योत्तर रेषेवर भूमीची लांबी मोजीत जाण्याचे हे काम होते, आणि ही रेषा ७७ अंश ४० मिनिटे या रेखांशाच्या आसपास होती. नकाशावर ती पुसद आणि दिग्रस यांच्या मधून जाऊन दारव्ह्याच्या पश्चिमेने वऱ्हाडाच्या खोऱ्यात उतरते. बीदरजवळच्या दामरगिद्यापासून उत्तरेकडचा खंड जॉर्ज एव्हरेस्टच्या नावाशी निगडित आहे. १८ अंश ३ मिनिटे ते २४ अंश ७ मिनिटे या अक्षांशांमधील मोजणीचा त्याचा ग्रंथ १८३० साली प्रसिद्ध झाला. लॅम्बटनला मात्र हे पाहावयास मिळाले नाही. हैदराबादहून नागपूरकडे निघालेला तो वृद्ध गणिती २० जानेवारी १८२३ रोजी, वर्धा नदीपलीकडील हिंगणघाटास वारला, आणि त्याची कबर तेथेच आहे. जगातील एका अत्यंत विख्यात मोजणीच्या आद्य पुरुषाची कबर यवतमाळहून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे, आणि आमच्याकडील फारच थोड्या लोकांनी ती पाहिली असेल.

या सर्वेक्षणाचे ठाणे म्हणजे काय असे? उंच जागा पाहून घट्ट बसलेल्या दगडावर एक वर्तुळ व त्याच्या मध्यभागी बिंदू कोरावयाचा; तो झाकून, ओळंबा सोडून, बरोबर त्याच्या डोक्यावर दुसऱ्या दगडावर तसाच बिंदू कोरावयाचा; आणि भोवती दगडमातीचा चौथरा रचावयाचा, म्हणजे वरची खूण कोणी उखडली तरी खालची अभंग राहावी. मोल कशाला? दगडाला नाही, चौथऱ्यालाही नाही. त्या बिंदूचे जे स्थान गणिताने निश्चित झाले त्याला. प्रत्येक ठाण्याचे वर्णन लिहून ठेवलेले असे: परगणा कोणता, टेकडी कोणत्या गावच्या शिवारात, जवळची गावे कोणत्या दिशेस व किती अंतरावर, खूण कशी व किती खोल. हातात उपग्रहाचे यंत्र घेऊन रानात डबा शोधणारा आजचा हौशी ज्या प्रकारची टिपणी वाचून पुढे जातो, तिचा हा पूर्वजच म्हणावयाचा. पुढे अशी ठाणी स्थानिक अंमलदारांच्या आणि गावकामगारांच्या हवाली करण्यात आली आणि त्यांच्या स्थितीचा अहवाल जिल्ह्याकडून मागवण्याची पद्धत पडली. ज्या पाटलाला आपल्या टेकडीवरच्या बिंदूवरून पृथ्वीचा आकार काढतात हे सांगूनही पटले नसते, तो पाटील त्या बिंदूचा राखणदार होता.

सर्वच खुणा राखल्या गेल्या नाहीत. सर्वेक्षकांच्या जुन्या लेखनात ठाणी खणून टाकल्याच्या तक्रारी पुनःपुन्हा येतात, आणि त्यामागील हेतू बहुधा एकच सांगितलेला असतो: साहेबाने इतक्या दुरून येऊन, इतक्या उंचावर, इतक्या सायासाने जे झाकून ठेवले, ते द्रव्यच असले पाहिजे. हा तर्क मूर्खपणाचा म्हणता येत नाही. ज्या लोकांनी आपल्या हयातीत पेंढाऱ्यांच्या धाडी पाहिल्या होत्या, त्यांच्या अनुभवात माणूस जमिनीखाली ठेवतो ते एक तर धान्य, नाही तर धन.

धान्याचे लपण म्हणजे पेव. काळी आणि पांढरी हा गावच्या भूमीचा जुना भेद येथे कामास येतो; काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पेव खणावयाचे ते गावठाणाच्या पांढरीत, उंचवट्यावर, जेथे पाणी मुरत नाही तेथे. तोंड माणूस कसाबसा उतरेल इतके अरुंद, पोट मात्र रांजणासारखे फुगीर. आत जाळ करून भिंती भाजून घ्यावयाच्या, शेणमातीने सारवावयाच्या, तळाला व कडेला कडबा आणि भुसा लावावयाचा, ज्वारी ओतावयाची, आणि तोंडावर फरशी बसवून ती मातीने अशी लिंपावयाची की वरून अंगण सपाट दिसावे. धान्य आत कोंडलेली हवा स्वतःच खाऊन टाकते, किडीला प्राणवायू उरत नाही, आणि म्हणून कडेचा थोडा दाणा काळवंडला तरी मधला वर्षानुवर्षे टिकतो. त्याच कारणाने पेव उघडणे जिवावरचे काम असते. तोंड उघडून बराच वेळ तसेच ठेवावे, दिवा दोरीने आत सोडून तो तेवतो की विझतो हे पाहावे, आणि मगच माणूस उतरवावा, हा नियम मोडणारे आत राहिले. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवे अगदी अलीकडेपर्यंत वापरात होती, आणि २००५ च्या महापुराने त्यांची फार हानी केली. यवतमाळकडे मात्र अमेरिकेतील यादवीच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाला जो भाव आला त्याने शेताचे रूप पालटू लागले. पुढे आगगाडी आली, रोख पैसा आला, आणि धान्य साठवण्याचे काम पेवाकडून हळूहळू दुकानदाराकडे गेले.

पेवाला धनी असतो, आणि त्याची जागा घरातल्या दोघातिघांना तरी ठाऊक असते. हे दोघेतिघे एकाच साथीत, एकाच दंग्यात किंवा एकाच पळापळीत नाहीसे झाले, तर जे उरते त्याला आपण गुप्तधन म्हणतो. माझ्या समजुतीने गुप्तधन ही वेगळी जात नव्हेच. राखणदार हरवलेली ती साधी ठेव होय. १७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याजवळ शिवणीस कर्नल ॲडम्सने दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेला गाठले. नागपूरकर आप्पासाहेबांच्या साहाय्याची आशा धरून चांद्याकडे निघालेला पेशवा तेथून जीव घेऊन निसटला, आणि तोफा, हत्ती, उंट इंग्रजांच्या हाती लागले. ज्या वाटेने एक राज्य पाठीवर बिऱ्हाड घेऊन पळाले, त्या वाटेवर पुरलेल्या मोहरांच्या दंतकथा उगवल्या नसत्या तरच नवल. मानवी राखणदार नाहीसा झाला की लोककल्पना त्या जागी नाग बसवते. नोंदवही नाहीशी झाली की पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घालून जमिनीखालचे वाचू पाहते. या खुळापायी जे अघोर प्रकार घडत आले त्यांची दखल राज्याच्या २०१३ च्या नरबळी व जादूटोणाविरोधी कायद्याने घेतली असून त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधाचा उल्लेख आहे.

खरे गुप्तधन सापडते तेव्हा ते बहुधा नांगराच्या फाळाला किंवा पाया खणणाऱ्या मजुराच्या कुदळीला सापडते. वऱ्हाडातील सर्वांत बोलका संचय १९३९ साली मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळा येथे निघाला. सातवाहनांची सोळाशेच्या आसपास नाणी होती ती, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्यांचे वाचन केले तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी, पुराणांच्या यादीत नसलेली राजनामे उजेडात आली. कोणा अज्ञात सावकाराने भयाने पुरलेले गाडगे राजवंशाची वंशावळ दुरुस्त करून गेले! आपल्या जिल्ह्यातही आर्णीच्या टेकाडावरील उत्खननात सातवाहनांचे आणि त्यांच्याही पूर्वीचे वस्तीचे थर लागलेले आहेत. अशा वस्तूंसाठी १८७८ चा निधिविषयक कायदा अजून लागू आहे. जमिनीत लपवलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास शोधणाऱ्याने ती काय आहे, कोठे व कधी सापडली हे कलेक्टरास लेखी कळवावे आणि ऐवज जवळच्या सरकारी खजिन्यात जमा करावा किंवा जामीन द्यावा. शंभर वर्षांच्या आत कोणी पुरल्याचा दावा पुढे आल्यास त्याची चौकशी व्हावी. धन बेवारस ठरले आणि जमिनीचा धनी वेगळा असला, तर दोघांत अन्य ठराव नसल्यास तीन-चतुर्थांश शोधणाऱ्यास व उरलेला हिस्सा धन्यास मिळावा. दहा रुपयांची ती मर्यादा आज वाचली की असे मनात येते की, वही, पेन्सिल आणि मुलांची खेळणी घातलेला एखादा डबाही खोल पुरला तर कायद्याच्या अक्षरात बसावयाचा. पण जिओकॅशिंगवाल्यांनी डबा पुरण्यास व शोधण्यासाठी खणण्यास आपल्या नियमांतच मनाई केली असल्यामुळे कलेक्टरसाहेबांची त्या त्रासातून सुटका झाली आहे. डबा झाकावा, पुरू नये. दगडाआड, ढोलीत, पडक्या भिंतीच्या खोबणीत ठेवावा, आणि जागा कोणाला कुदळीचा मोह होईल अशी नसावी.

आता या जिल्ह्यात कोणी हा छंद आरंभू म्हणेल तर वरील इतिहासाचा उपयोग त्याला पदोपदी होईल. प्रथम इतरांनी ठेवलेले डबे शोधावेत, मुंबई-पुण्याकडे जाणे झाले की तेथे शोधावेत; दहा-वीस डबे पाहिल्यावाचून चांगली जागा व वाईट जागा यांतला भेद कळत नाही. स्वतःचा डबा ठेवताना जागेच्या धन्याची परवानगी घ्यावी, आणि ती लेखी असल्यास उत्तम. हद्दीच्या दगडाजवळ आणि सर्वेक्षणाच्या खुणेजवळ डबा कदापि ठेवू नये. उत्साही शोधकाने धोंडा उचलून पाहिला की दोन भावांचा दिवाणी दावा उभा राहतो. टिपेश्वर आणि पैनगंगा ही अभयारण्ये, संरक्षित स्मारके, धरणांच्या भिंती, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या यांचा विचारच सोडावा. डब्यावर तो काय आहे, हे ठसठशीत मराठीत लिहावे; बेवारस डबा दिसला की पोलीस पाटलाला बोलावणे हे गावकऱ्यांचे कर्तव्यच आहे. खाण्याचा पदार्थ आत ठेवू नये, कारण रानडुकरे आणि अस्वले वहीत नोंद करीत नाहीत. दोन डब्यांत १६१ मीटर अंतर हवे, असा नियम आहे. यवतमाळात तूर्त त्याची अडचण पडू नये.

जागेचे अक्षांश-रेखांश एकदाच घेऊन भागत नाही. सागाच्या दाट पानांखाली यंत्राचा आकडा हलत राहतो, म्हणून निरनिराळ्या वेळी चार-सहा वाचने घेऊन त्यांची सरासरी धरावी. शिवाय सागाचे रान उन्हाळ्यात निष्पर्ण असते आणि श्रावणात कमरेइतक्या गवताने भरते, तेव्हा चैत्रात उघडी पडलेली जागा भाद्रपदात नाहीशी होते आणि भाद्रपदात सुरक्षित वाटलेली जागा चैत्रातल्या वणव्यात सापडते. मृगापूर्वी शेतकरी धुरे जाळून साफ करतात, तेव्हा प्लॅस्टिकचा डबा धुऱ्यावर असला तर त्याचे काय होईल, हे सांगावयास नको. म्हणून डबा पाहून येण्याचे वेळापत्रक आमच्या पंचांगाला जोडून घेणे शहाणपणाचे ठरेल: होळीनंतर एकदा, मृगाच्या अगोदर एकदा आणि पोळ्याच्या सुमारास एकदा. झाकण घट्ट बसणारे हवे, वही मेणकापडी पिशवीत हवी, आणि शाईऐवजी पेन्सिल हवी, कारण ओल लागली की शाई पसरते. वाळवी आणि मुंग्या यांच्यापुढे कागद टिकत नाही. प्रत्येक फेरीत वही उन्हात धरावी, भरली असल्यास नवी ठेवावी, आणि जुनी फेकून न देता दप्तरी लावावी.

ज्याला डबा ठेवण्याची आणि राखण्याची दगदग नको, त्याच्यासाठी या छंदात भूशास्त्रीय ठिकाणांचा एक प्रकार २००४ पासून रूढ आहे. तेथे काहीच ठेवावयाचे नसते, जागेचे स्थान सांगावयाचे आणि तेथील खडकाविषयी काही प्रश्न विचारावयाचे. या प्रकाराला यवतमाळ जिल्हा फार योग्य आहे. वणीच्या बाजूला दक्षिणेच्या ज्वालामुखी खडकाची हद्द संपत येऊन कोळशाच्या थरांचा प्राचीन गोंडवनी खडक वर येतो, आणि झरी जामणी तालुक्यात शिबला-पारडीकडे षट्कोनी स्तंभांच्या रूपाने थिजलेला बेसाल्ट आहे, ज्याची वार्ता २०२१ साली वृत्तपत्रांतून आली. या खांबांचा राखणदार मात्र कोणी तरी नेमला पाहिजे. रस्त्याच्या खडीसाठी त्यांवर डोळा असणारे ठेकेदार अक्षांश-रेखांश न पाहताच तेथे पोहोचतात.

शेवटचा प्रसंग बदलीचा. जिल्ह्यात नोकरीपेशाची माणसे येतात आणि काही वर्षांत निघून जातात, मुले शिकावयास नागपूर-पुण्याकडे जातात, आणि मागे राहिलेला डबा पावसाळ्यागणिक गुप्तधनाच्या वाटेला लागतो. जुना पटवारी बदलून जाताना दप्तराची यादी करून, एकेक बस्ता मोजून, येणाऱ्याच्या सहीने चार्ज देत असे. तीच रीत येथेही पाळावी. डबा स्वीकारणारा कोणी असेल तर त्याला जागेवर नेऊन ती दाखवावी, वही ताब्यात द्यावी, शेताच्या धन्याशी त्याची गाठ घालून द्यावी आणि नोंद त्याच्या नावे करून घ्यावी. कोणी नसेल, तर डबा उचलून आणावा, दगड होते तसे लावावेत, आणि हा डबा या तारखेस काढून घेतला, असे नोंदीत लिहून खाते बंद करावे.